वरच्या मजल्यावरचं पाणी

पहिला थेंब शिवायला घेतलेल्या शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडावर पडला. जिबेकने तो बोटाने पुसला. दुसरा तिच्या मनगटावर आला. तिसऱ्याला तिने मान वर केली, तर छताला ताटाएवढा ओला डाग पडलेला... आणि तो पसरत चाललेला.

कापलेलं कापड पलंगावर टाकून ती तशीच सपाता घालून जिना चढली. काय काय बोलायचं ते तिने पायऱ्यांवरच ठरवलं होतं. पण दार उघडलं आणि समोर छातीपर्यंत भिजलेला एक उंच तरुण उभा. त्याच्या दोन्ही हातांत बादलीसारखा काळा डबा, डब्यातून लोंबणाऱ्या दोन नळ्या, आणि सगळ्यातून पाणी गळतंय.

"तुमच्या घरात पूर आलाय," जिबेक म्हणाली, "आणि तो माझ्या घरात उतरतोय."

"माफ करा... एक मिनिट हे धरता का?"

आणि तिने धरलं. का धरलं, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

तो गुडघ्यांवर बसून फडक्याने जमीन टिपू लागला. त्याच्या पाठीमागे भिंतीलगत काचेची मोठी टाकी होती. हिरवट उजेडात चपटे, चांदीच्या रंगाचे मासे संथपणे फिरत होते. जिबेक डबा पोटाशी धरून बघतच राहिली.

"फिल्टर आहे तो," तो म्हणाला. "झाकणाची रबरी रिंग नीट बसली नव्हती. घाईत लावला."

"एवढी कसली घाई?"

"उद्या वर जायचंय."

बिश्केकमध्ये कोणी असं 'वर' म्हणालं की पुढचं विचारावं लागत नाही. वर म्हणजे डोंगरातली सोन्याची खाण. अर्धा महिना तिथे, अर्धा महिना घरी.

"मग मासे?"

"बहीण बघायची. तिचं लग्न झालं, लांब ओश शहरात गेली." त्याने फडकं पिळलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही... खालीच राहता ना?"

"आधी माझं छत भिजवलंत. आता मला कामालाही लावताय?"

"छत रंगवून देईन."

"ते तर द्यावंच लागेल. माशांचं वेगळं."

"वेगळं म्हणजे काय?"

"ते मी ठरवीन," जिबेक म्हणाली, आणि आपण हसतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

त्याचं नाव कुबात. त्याच संध्याकाळी त्याने तिला फिल्टर उघडायला शिकवला. आधी वीज बंद करायची. मग नळ्यांच्या चाव्या फिरवायच्या. झाकण काढलं की वर स्पंज, खाली भाजलेल्या मातीच्या छोट्या छोट्या नळ्या. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात स्पंज पिळायचा.

"हळू... अजून हळू. कपडे धुताय का?"

"मी कपडे शिवतेही आणि धुतेही. दोन्ही जोरात."

"हा स्पंज जिवंत असतो," तो म्हणाला. "डोळ्यांना न दिसणारं काहीतरी त्यात राहतं, तेच पाणी राखतं. नळाखाली धरला तर मरून जाईल. आणि लख्ख करायचा नाही. थोडं जुनं राहू द्यायचं."

बादलीतल्या गढूळ पाण्यात त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांनीही हात काढला नाही – आणि दोघांनीही, जणू काही झालंच नाही, स्पंज पिळत ठेवला.

"किती दिवसांनी करायचं हे?"

"दर रविवारी," कुबात नजर चुकवत म्हणाला. "न चुकता."

दुसऱ्या दिवशी किल्ली तिच्याकडे देऊन तो गेला. मशीनवर बसल्या बसल्या जिबेकचं लक्ष छताकडे जाऊ लागलं. इतके दिवस डोक्यावर चालणारी पावलं तिने कधी ऐकली नव्हती. आता ती नव्हती, तर त्यांचं नसणंही तिला जाणवायला लागलं.

रविवारी ती वरच्या घरात जायची. पालथा घातलेला एकुलता एक पेला, खुंटीवरचं जाडं जाकीट, खिडकीत सुकलेली जर्दाळू. एकदा तिने जाकिटाच्या बाहीला गाल लावून पाहिला आणि मग स्वतःलाच रागावली. स्पंज पिळून झाला की तो फोन करायचा. खाणीवर जेवणघराच्या पायरीवरच काय ती रेंज यायची, त्यामुळे त्याच्या आवाजामागे नेहमी आणखी चारपाच आवाज असायचे.

"मासे कसे आहेत?"

"तुमची आठवण काढत नाहीत."

"आणि... बाकी कोणी?"

"बाकी इथे कोण आहे? मी आणि मासे."

तो खाणीवरून परत आला की जिन्यावर त्याचे बूट वाजायचे आणि जिबेकच्या हातातली शिवण वाकडी जायची. छत रंगवायला तो शिडीवर चढला तेव्हा रंगाचा थेंब तिच्या नाकावर पडला. "तू बाजूला सरक ना," तो बोलून गेला. 'तुम्ही' त्या दिवशी संपलं.

"मासेच का पाळलेस?" तिने एकदा चहा ओतता ओतता विचारलं.

"वर नुसता दगड आणि बर्फ. गवताचं पातंसुद्धा नाही. घरी आल्यावर काहीतरी हलताना दिसावं असं वाटतं." मग पेल्यात बघत, हसत हसत म्हणाला, "बायको असती तर तिच्याकडे बघत बसलो असतो. होणार होती एक. ती म्हणाली, अर्ध्या माणसाशी कोण लग्न करतं."

तो हसला, पण जिबेकला हसू आलं नाही.

थंडीच्या तोंडाला नवा स्पंज आणायला ती बाजारात गेली. माशांच्या दुकानातल्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दर आठवड्याला धुतेस? कोणी सांगितलं तुला? महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरे झालं. उगाच त्या माशांच्या मागे लागलीस."

घरी पोचेपर्यंत जिबेकच्या ओठांवरचं हसू गेलं नाही. त्या संध्याकाळी फोनवर तिने साळसूदपणे विचारलं, "या रविवारी पण धुवायचा ना?"

पलीकडे वारा घोंगावत होता. "हो... धुवायला हवा."

"न चुकता?"

"न चुकता."

दुकानातलं तिने मनातच ठेवलं. त्यानंतरच्या रविवारी तिने फिल्टरला हातही लावला नाही. टाकीसमोर खुर्ची ओढून त्याच्या पेल्यातून चहा प्यायली, अंधार पडेपर्यंत. आपल्याला बोलावण्याची एवढी युक्ती करणारा माणूस साधं एक वाक्य का बोलत नाही, याचाच विचार करत.

ते वाक्य आलं नाही. साइरा मावशी मात्र आली. आईबापांमागे हिनेच जिबेकला वाढवलेलं. तिने तोकमोक गावचं स्थळ आणलं होतं. मुलाचं टायरचं दुकान, स्वभावाने शांत. शनिवारी त्याची आई गुल्जान झुमके घेऊन येणार होती. ते एकदा मुलीच्या कानात गेले की बोलणी पक्की.

जिबेकने कुबातला फोनवर सांगितलं.

"चांगली माणसं आहेत?"

"मावशी म्हणते, चांगली आहेत."

"रोज घरी असतो ना तो?"

"रोज."

"मग... चांगलंच आहे."

तिने फोन ठेवला. त्या रात्री एकच शिवण तिने तीनदा उसवली.

शुक्रवारी कुबातची गाडी यायची होती, ती आली नाही. घाटात बर्फ कोसळून रस्ता बंद झाला होता. शनिवारी पहाटे शहरातली वीज गेली. जिबेक नवा पोशाख घालून आरशासमोर उभी राहिली, आणि एकदम तिला आठवलं. फिल्टर बंद पडला असेल.

ती धावतच वर गेली. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. बंद डब्यात साचलेलं पाणी नासतं, हे कुबातनेच सांगितलं होतं. वीज आली की तेच टाकीत शिरेल. तिने डबा उघडला, स्पंज आणि मातीच्या नळ्या टाकीतल्या पाण्यात उघड्या ठेवल्या, टाकीला रजई गुंडाळली. मग खुर्चीवर चढून ती, खालून कधीतरी आणून ठेवलेल्या आपल्या पेल्याने पाणी उचलून उंचावरून ओतू लागली. ओतायचं, उचलायचं, पुन्हा ओतायचं. पाण्यात बुडबुडे शिरत होते. खांदे भरून आले. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. दुपार झाली की काय, याचं तिला भान नव्हतं.

"जिबेक." दारात साइरा मावशी उभी होती, आणि तिच्या मागे पांढरा रुमाल बांधलेली एक भारदस्त बाई. "खाली दार सताड उघडं, चूल थंड, आणि तू इथे? कोणाचं घर आहे हे?"

"वरच्या... शेजाऱ्याचं."

"शेजाऱ्याच्या माशांपायी पाहुणीला दारात ताटकळत ठेवलंस?"

जिबेक खुर्चीवरून उतरली नाही. "मावशी, मी थांबले तर ते मरतील. आणि तो आल्यावर..." पुढचं तिला बोलता येईना. तिने पेला भरला आणि ओतला.

गुल्जान आत आली. तिने जाकिटाकडे पाहिलं, त्याचा पालथा पेला आणि मुलीच्या हातातला दुसरा पेला पाहिला, आणि मग भिजलेल्या मुलीकडे पाहिलं. बराच वेळ. "आता निदान चहा तरी पाज, साइरा," ती शेवटी म्हणाली. "गॅस तर चालू असेल."

चहा झाला. गुल्जानने पिशवी उघडलीच नाही. उठताना तिने जिबेकच्या पाठीवर हात ठेवला. "माझा मुलगा गुणी आहे ग. त्याच्यासाठीसुद्धा कोणीतरी असं हात भिजवणारं असावं असं मला वाटतं. तुझं मन दुसरीकडे आहे. मी त्याला नीट सांगेन, तू काळजी करू नकोस."

ती जिना उतरली. मावशी डोक्याला हात लावून खुर्चीत बसून राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"शहरात वीज गेलीय असं कळलं," कुबातचा आवाज धापा टाकत होता. "फिल्टर—"

"बघितलाय. मासे जगले."

"आणि... झुमके?"

"घातले नाहीत."

"का?"

"हात ओले होते."

त्याच्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "आटप रे, आम्हालाही घरी बोलायचंय."

"जिबेक, इथे पायरीवर सगळे उभे आहेत. खाली आलो की बोलतो."

"नाही. आताच बोल. तू खाली येतोस आणि चहा पिऊन परत जातोस. मी दर रविवारी इथे येते, कुबात. स्पंज धुवायला येत नाही. तुलाही ते माहीत आहे."

तो अडखळत, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. "मी अर्धाच महिना असेन. निम्मी थंडी तुला एकटीला काढावी लागेल. सणालाही कधी नसेन... हे सगळं ठाऊक असून तू माझ्याशी लग्न करशील? माझं प्रेम आहे तुझ्यावर. फार दिवसांपासून."

त्याच्या मागचे आवाज थांबले होते. सगळी पायरी ऐकत होती.

"करीन," जिबेक म्हणाली. "आणि अर्धा महिना तुझी वाट बघेन. ते मला आता येतं."

तिकडे कोणीतरी शीळ घातली, हशा पिकला, आणि रेंज गेली.

ती फोन हातात धरून तशीच उभी राहिली. साइरा मावशीने रुमालाने डोळे पुसले, पण आवाज करडाच ठेवला.

"काय म्हणाला?"

"लग्नाचं विचारलं. आता त्याच्या आईबाबांना घेऊन येईल, पण तेवढ्यात बोलणं तुटलं."

"कधी येणार?"

"रस्ता उघडला की."

मावशी उठली. तिने टाकीशेजारी ठेवलेला पेला उचलला, आपल्या बाह्या वर सारल्या, आणि टाकीतलं पाणी उचलून ओतायला लागली. जिबेक खिडकीशी गेली. दक्षिणेकडचे डोंगर दिसत नव्हते. तिथे अजून बर्फ पडत होतं.