चोपड्याच्या प्रदर्शनातले लाल-निळे दिवे

केळीच्या वेफर्सचं पाकीट अर्धवट सील झालं आणि सुगंधाच्या हातातलं मशीन थंड पडलं. शेजारच्या स्टॉलवर फ्यूज उडाला होता, आणि त्याबरोबर सगळ्या रांगेची वीज गेली होती. १९९४चा जानेवारी होता. चोपड्याचं कृषी प्रदर्शन नुकतंच कुठं सुरू झालं होतं. महिला मंडळाचा स्टॉल सुगंधाच्या भरवशावर होता, त्यामुळं ती ओढणी खोचून, भांडायच्या तयारीनंच शेजारी गेली.

तिथं एक उंच, किडकिडीत तरुण दातांत वायर धरून उभा होता. त्याच्या मागं जळगाव-धुळ्याचा भलामोठा लाकडी नकाशा, आणि नकाशात प्रत्येक तालुक्याला एक लाल दिवा, एक निळा.

“तुमच्यामुळं माझं मशीन बंद पडलंय,” ती म्हणाली.

त्यानं तोंडातली वायर काढली. “माझंही,” तो म्हणाला, आणि इतका ओशाळून हसला की तिचं भांडण… राहूनच गेलं.

त्याचं नाव रतिलाल. धुळ्याच्या शेतकी कॉलेजात तो हवामानाच्या नोंदी बघायचा. फ्यूज बसवता बसवता त्यानं तिला तो नकाशाचा बोर्ड समजावला. खालची मूठ फिरवून एखाद्या सालावर आणली, की त्या साली जिथं थंडी कडक होती तिथं निळा दिवा लागे आणि जिथं उन्हाळा फार तापला तिथं लाल. मूठ जुन्या सालांकडून अलीकडं आणत गेलं, की निळे दिवे विरळ होत आणि लाल वाढत. आपल्या भागाचं हवामान कुठं चाललंय ते शेतकऱ्याला स्वतःच्या हातानं बघता यावं, म्हणून त्यानं हा खटाटोप केला होता. लोकांना तो रुचला नाही तर बोर्ड गोदामात जाणार, असं त्याच्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

लोक यायचे, गरागरा मूठ फिरवायचे, दिवे बघून खूश व्हायचे आणि निघून जायचे. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी तर “बठ्ठा दिवा लाल शेतस ना बाई, दिवाळी शे का?” असं, सगळेच दिवे लाल बघून, विचारून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रतिलालनं सुगंधाकडून तिसऱ्यांदा वेफर्स नेले.

“इतके खाल्ले तर घसा बसेल तुमचा,” ती म्हणाली.

“बसलाच आहे. दिवसभर बोलतो, ऐकत कुणीच नाही.”

“मी ऐकते ना… कनातीपलीकडून सगळं ऐकू येतं.”

“मग काय समजलं?”

“सरासरी किमान तापमान—” ती पाकिटं मांडत राहिली, “आणि तुम्हाला बोलायला कुणी नाही, हे.”

तो लाल झाला. ती खाली मान घालून हसली.

त्याच संध्याकाळी सुगंधाचे वडील, तोताराम नाना, प्रदर्शनात आले. गावातले मोठे केळीवाले. ते बोर्डापुढं थांबले, तशी चार माणसं त्यांच्यामागं जमली. सुगंधा कनातीआडून बघत होती. रतिलालनं नानांना आदरानं सगळं सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग येता उन्हाळा कसा जाई, तेवढं सांग ना भाऊ.”

रतिलालला ठाऊक होतं हे कुणाचे वडील आहेत ते. काहीतरी गोड बोलून त्यांना खूश करणं सोपं होतं.

“ते मला सांगता येणार नाही, नाना,” तो शांतपणे म्हणाला. “एखादा उन्हाळा सौम्यही जाईल. पण पंचवीस-तीस वर्षांचा ओढा उन्हाकडं आहे, एवढं खरं.”

“मंग काय उपयोग?” नाना वळले. मागची माणसं हसली.

खोटं बोलला असता तर नाना खूश झाले असते… पण मग हा माणूस आपल्याला इतका आवडला नसता, असं सुगंधाला वाटून गेलं. तिनं स्टॉल सोडला आणि नानांचा हात धरून त्यांना परत बोर्डापाशी आणलं. साल कोणतं लावायचं ते मात्र तिनं सांगितलं नाही. विचारलं फक्त, “नाना, माझा जन्म झाला त्या थंडीत काय झालं होतं?”

“चरका बसना व्हता,” नाना म्हणाले. “गारठ्यानं बठ्ठी बाग पिवयी पडनी.”

त्यांनी मूठ त्या सालावर नेली. चोपड्याचा निळा दिवा लागला. नाना बघतच राहिले. मग त्यांनी आपल्या लग्नाचं साल लावलं, विहीर खोदली ते लावलं, आणि मूठ हळूहळू अलीकडं आणत गेले. त्यांना आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. शेवटी त्यांनी रतिलालला विचारलं, की पश्चिमेकडून उन्हाची झळ येते, तिकडं शेवरीच्या झाडांची दाट रांग लावली तर बाग तगेल का. रतिलालनं घाईघाईनं खुर्ची पुढं केली, आणि दोघं बराच वेळ बोलत बसले.

त्यानंतर बोर्डापुढं रांग लागली. सुगंधा लोकांना त्यांची सालं विचारी, रतिलाल बाकीचं सांगे. झुंबरबाई परत आली आणि मूठ फिरवत नातवाच्या जन्मसालापर्यंत येऊनच थांबली. शेवटच्या दिवशी धुळ्याहून साहेब आले. गर्दी बघून त्यांनी बोर्ड वर्षभर गावोगाव फिरवायचं ठरवलं, आणि समजावून सांगायला पगारी मदतनीस घ्यायलाही सांगितलं.

मंडप उतरायला लागला तेव्हा रतिलाल तिच्या स्टॉलपाशी आला. काही विकत घ्यायला उरलंच नव्हतं.

“मदतनीस म्हणून… तुम्ही याल?” तो म्हणाला. “आणि अजून एक विचारायचं होतं. ते नोकरीचं नाही.”

“मग कशाचं?”

“जन्मभराचं,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. “दोन्हींची उत्तरं वेगवेगळी दिली तरी चालेल.”

सुगंधानं रिकामा डबा बंद केला.

“नोकरीचं हो. दुसऱ्यासाठी घरी येऊन नानांना विचारा.”

त्याचा चेहरा पडला. “नाना काय म्हणतील?”

“हो म्हणतील,” ती म्हणाली. “मी कालच त्यांच्याशी बोलून ठेवलंय.”