तिसऱ्या रांगेतली मोकळी जागा

तालुक्याच्या शिक्षण कचेरीतल्या साहेबांनो, चोर तुम्ही म्हणालात. आमच्या गावच्या अकरा पोरांना, त्यातलं सगळ्यात लहान आठ वर्षांचं, तुम्ही कागदावर शिक्का मारून चोर ठरवलंत. "डोंगरावरच्या शाळेत असे गुण पडूच शकत नाहीत," हे वाक्य तुमचंच. चौकशी नंतर, निकाल आधी. आईबाप दूरच्या कारखान्यांत, घरी निरक्षर म्हातारी माणसं, शाळेत पदवी नसलेली बाई, मग ही पोरं गणितात तालुक्यात पहिली येतातच कशी? म्हणजे कॉपी. म्हणजे शाळा बंद. आता काय झालं ते नीट ऐका.

याओवान हे चीनच्या गान्सू प्रांतातल्या पिवळ्या मातीच्या डोंगरातलं गाव. शाळा म्हणजे एक खोली, मधोमध कोळशाची शेगडी आणि तिच्यावर पोरांनी घरून आणून भाजत ठेवलेले बटाटे. तिसरी-चौथी एकत्र. तीन रांगा, रांगेत चार जागा. पोरं अकरा, म्हणून तिसऱ्या रांगेतली खिडकीजवळची जागा मोकळी.

कौ शूछीन बाई तिथं एकतीस वर्षं शिकवत होत्या. गणित त्या रद्दीतल्या पुस्तकांवरून स्वतःच शिकल्या. रोज सकाळी चाळीस मिनिटं घसा फोडून पाढे, आणि प्रत्येकाची एक चुकांची वही. चुकलेलं गणित त्या वहीत उतरवायचं, कुठं घसरलो ते लाल पेनानं लिहायचं आणि बरोबर येईपर्यंत पुन्हा सोडवायचं. यान्नी नावाच्या पोरीच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण ते रोज तिच्या वहीतल्या लाल ओळी बोटानं मोजत. कमी भरल्या म्हणजे अभ्यास कमी, आणि मग जेवण उशिरा.

मागच्या वर्षी शहरातून एक संशोधक आले होते. हसत हसत त्यांनी विचारलं, "काय हो बाई, हे गणित आपल्या लोकांच्या रक्तातच असतं, की भातात?"

"भात?" बाई म्हणाल्या. "इथं बटाटा पिकतो. आणि रक्ताचं म्हणाल तर ह्यांच्या आज्यांना सही येत नाही. महिनाभर इथं बसा, घसा बसेस्तोवर पाढे म्हणा, मग रक्ताचं विचारा."

संशोधक दुपारच्याच गाडीनं परत गेले.

नोव्हेंबरातली एक सकाळ. पाढे एक एके एकपासून निघतात आणि नऊ नवे एक्क्याऐंशीवर थांबतात. त्या दिवशी पोरं थांबली नाहीत. सगळ्यांनी मिळून एक श्वास घेतला आणि ती उलटी निघाली. नऊ नवे, आठ नवे, सात नवे, खाली उतरत थेट एक एके एकपर्यंत. एकही अडखळलं नाही.

"हे कुणी शिकवलं?"

"तिथल्यानं," यान्नीनं मोकळ्या जागेकडे हनुवटी केली.

"कोण बसतं तिथं?"

"कुणी नाही. तुम्हाला दिसतंय की, बाई."

पोरं हसली. बाईही हसल्या. पण त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की फार जुन्या काळी, कागदही नव्हता तेव्हा, पाढा असाच नऊ नव्व्यांपासून खाली म्हणत. पोरांना त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं.

मग कच्च्या कामाचे कागद बदलले. त्यांवर आकडे दिसेनात, फार जुन्या काळी हिशेबाला मांडत तशा काड्या दिसू लागल्या. एक घर उभ्या काड्यांचं, पुढचं आडव्यांचं. चार हजार पाच लिहिताना चार आडव्या काड्या, मग दोन बोटं कोरी जागा, मग पाच उभ्या काड्या. शून्य कुठंच नाही. उत्तरं सगळी बरोबर.

आणि चुकांच्या वह्या कोऱ्या राहू लागल्या. दुसरी कुणी असती तर तिनं गावभर मिरवलं असतं. कौबाईंनी एकतीस वर्षं पोरांच्या चुका वाचल्या होत्या, कुठलं पोर कुठं घसरणार हे त्यांना पोराच्या आईपेक्षा जास्त ठाऊक होतं. ती स्वच्छ पानं उलटताना त्यांना शेगडीजवळ बसूनही थंडी वाजली.

तालुक्याच्या परीक्षेत अकराही पोरांना पैकीच्या पैकी पडले. तुमच्या कचेरीत मात्र याओवानच्या पाकिटातून बारा पेपर निघाले. शेवटच्यावर नाव नव्हतं. तोही तुम्ही तपासलात. त्यालाही पैकीच्या पैकी दिलेत.

डिसेंबरात फेरपरीक्षेला तुमचे पांग साहेब आले. पन्नाशीचे, टापटीप, बुटांना चिखल लागला म्हणून वैतागलेले. अकरा पेपर त्यांनी स्वतः मोजून आणले होते.

"बाई, खरं सांगा. तो बिननावाचा पेपर तुम्हीच लिहिलात ना?"

"मला पैकीच्या पैकी पडत असते तर मी इथं असते का, साहेब? तुमच्या खुर्चीत असते."

साहेब तिसऱ्या रांगेकडे वळले. "मी पोरांच्यातच बसतो. बघू आता कोण कुणाचं बघून लिहितं ते."

"तिथं नका बसू," यान्नी म्हणाली.

"का? कोण बसतं इथं?"

"कुणी नाही."

"मग झालं तर!"

ते बसले. बाक त्यांच्या गुडघ्यांना टेकत होता. बाईंनी फळ्यावर ४००५ लिहिलं, नेहमीप्रमाणे, हात सैल करायला.

"वाचा रे."

"पंचेचाळीस," अकरा आवाज एकदम आले.

बाईंना वाटलं, पोरं चेष्टा करतायत. पण एकही हसत नव्हतं. यान्नीचे डोळे पाण्यानं भरले होते. ती फळ्याकडे बघत होती आणि तिला ती दोन शून्यं दिसत नव्हती.

"वा! हे का तुमचे हुशार!" पांग साहेबांनी मांडीवर थाप मारली.

"साहेब, उठा."

"अहो, पण..."

"उठा म्हणते ना."

ते उठले. जागा पुन्हा मोकळी झाली.

"चार हजार पाच," पोरं म्हणाली.

साहेबांनी अकरा पेपर वाटले. तासभर ते शेगडीजवळ हात मागे बांधून उभे राहिले. खोलीत फक्त पेन्सिलींचा आवाज होता. बाईंनी तो कान देऊन ऐकला. अकरा पेन्सिली झरझर चालल्या होत्या.

एक सावकाश चालली होती.

पेपर साहेबांनी स्वतः गोळा केले. स्वतः मोजले.

बारा.

शेवटचा चुकांनी भरलेला होता. सात आठे चोपन्न. दोनदा खोडून पुन्हा चोपन्न. वर या वेळी नाव होतं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात.

पांग देलू.

"हे तुमचं नाव आहे," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कागद खिडकीकडे धरला. आडनावाच्या चिनी अक्षरातलं शेवटचं टिंब गाळलेलं होतं.

"हे टिंब मी..." ते थांबले. "दुसरीत असताना विसरायचो. गुरुजींनी पट्टीनं बोटं फोडली तेव्हा लक्षात राहायला लागलं. हे कुणाला माहीत नाही, बाई. माझ्या बायकोलाही नाही."

त्यांनी अहवाल लिहिला नाही. टोपी तिथंच विसरून ते डोंगर उतरले.

अहवाल नसताना तुम्ही हुकूम काढलात. शाळेला कुलूप, पोरांची रवानगी तालुक्याच्या वसतिगृहात. सोबत यादी, अकरा नावं, अकरा खाटांचे क्रमांक. गावानं हुकूम वाचला आणि कौबाईंनी कुलपाची किल्ली आपल्या गळ्यात घातली. त्या देणार नाहीत. गावही देऊ देणार नाही. आमची पोरं चोर नाहीत. जे येतं ते त्यांनी घासून, ओरडून, रडून कमावलेलं आहे, आणि जे कुठून आलं ते ठाऊक नाही त्याचा जाब त्या पोरांना विचारायचा नाही. तुम्ही द्यायचा.

कारण पाढे अजून रोज होतात. पोरं सात आठ्ठ्यांपाशी आली की आता थांबतात. सगळी मान वळवून खिडकीकडे बघतात, दमानं, धाकट्या भावाची वाट बघावी तशी. मग त्या बाजूनं एक बारीक, अडखळता आवाज येतो, छप्पन्न म्हणतो, आणि वर्ग पुढं जातो. हा आवाज परवा कौबाईंनी ऐकला. हुकूम घेऊन आलेल्या तुमच्या शिपायानं ऐकला. यान्नीचे आजोबा दाराशी उभे होते, त्यांनीही ऐकला.

पांग साहेबांना कचेरीत बोलवा आणि सात आठे किती ते विचारा. मग तुमची ती यादी पुन्हा उघडा. अकरा पोरांना अकरा खाटा दिल्यात. बाराव्याला कुठं ठेवणार आहात? उत्तर लेखी द्या.