डोमाजीचं ‘येतो’

फ्रॉक आणायला गेला होता तो. बाकी काही नाही. पोरीला दसऱ्याचा फ्रॉक.

तारीखही सांगून ठेवतो. सोमवार, १० ऑक्टोबर २०१६. खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि त्याच मुहूर्तावर आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते. मी तहसिलीतून गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक म्हणून रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे नकाशे फिरवायचा ताप माझ्या डोक्याला नव्हता. इथंच, आपल्या गावी बेल्याला होतो.

डोमाजी मेकॅनिक तुम्हा पोरांना आठवत नसेल. बसस्टँडमागे त्याचं पत्र्याचं शेड होतं. ट्रॅक्टर आणा, जीप आणा, मोटारसायकल आणा, हात लावला की गाडी बोलायला लागायची. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याला पोरगी झाली. तिला आपल्या आईचं नाव ठेवलं, बयना. मग काय विचारता! गिऱ्हाईक क्लचचं विचारायचं आणि हा बयनाचा कितवा दात पडला ते सांगायचा. कुठंही कामाला जाऊ दे, रात्री जेवायला घरी. त्याची बायको रेणुकाबाई भाकरी टाकायला बसली की फटफटीचा आवाज आलाच म्हणून समजा.

आता मी तीस वर्षं खोट्या सह्या आणि शिकवलेले साक्षीदार पाहिलेला माणूस. कोणी भूत पाहिलं म्हणालं की मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतो. डोमाजीचाही घेतला होता. हसू नका. वास नव्हता.

तर आदिलाबादहून तो निघाला तेव्हा नऊ वाजून गेले होते. कापसाच्या शेतांमधली ती नाल्यावरची बुटकी पुलिया आहे ना, तिथं एक जुनी जीप उभी. दिवे बंद. शेजारी एक म्हातारा. बंद गळ्याचा कोट, बगलेत लाल कपड्याचा बस्ता. तहसिलीचे कागद पूर्वी असेच बांधायचे. आता सगळं कॉम्प्युटरात गेलं, बस्ते कोणाला आठवतात!

डोमाजीला पहिला संशय आला तो चोरीच्या जीपचा. महाराष्ट्राची सरहद्द जवळ, इकडची गाडी रात्रीत तिकडे होते. त्याने फटफटी चालूच ठेवली.

“काय झालं, साहेब?”

“चालता चालता बंद पडली. किनवटला जायचं आहे. उद्या जिल्हे बदलतात. त्याच्या आत दफ्तर दाखल झालं पाहिजे.”

“किनवट? थे तं महाराष्ट्रात हाय, साहेब.”

म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“कधीपासून?”

किनवट आपल्या जिल्ह्यातून गेलं छप्पन साली. डोमाजीच्या जन्माच्या आधी. त्याला वाटलं, वय झालंय, चळ लागला असेल. कीव आली बिचाऱ्याला. फटफटी बंद करून उतरला. खंडेनवमीला हत्यारं पूजेत असतात, पान्याला हात लावायचा नाही, म्हणून नुसत्या हातांनीच बॉनेट उघडलं. पेट्रोलची नळी काढली आणि कचरा निघावा म्हणून तोंडाने ओढली.

ओढली आणि थांबला.

पेट्रोलला चव नव्हती. वासही नव्हता. त्याने इंजिनावर हात ठेवला. चालता चालता बंद पडलेलं इंजिन... आणि रांजणासारखं गार.

नळी कशीबशी बसवली. “मारा स्टार्टर,” म्हणाला. जीप सुरू झाली. डोमाजी फ्रॉकची पिशवी चाचपत फटफटीकडे वळला. त्याला फक्त घर दिसत होतं. आणि इथं तो चुकला. तुम्ही असता तर तुम्हीही चुकला असता. निघताना आपण कधी ‘जातो’ म्हणतो का? ‘जातो’ म्हणजे अभद्र. आपल्या आयांनी तोंडावर चापट मारून शिकवलंय.

“येतो, साहेब,” डोमाजी म्हणाला.

यावर समोरच्याने “या” म्हणायचं असतं. संपलं. कोणी येत नाही, कोणी वाट बघत नाही.

म्हातारा म्हणाला, “कधी?”

डोमाजीला आधी कळलंच नाही.

“तारीख बोला.”

“उद्या... उद्या दसरा हाय. सोनं द्याले येतो.”

“एकटेच?”

जीभच ती. बारा महिने एकाच गोष्टीला वळलेली. “नाई, पोरगी हाय नं मले. तिले बी आनतो.”

“नाव?”

“बयना.”

म्हाताऱ्याने बस्ता सोडला. काहीतरी लिहिलं. अंधारात.

डोमाजी निघाला. मागून जीपचा आवाज यायला हवा होता. सुरू करून दिली होती ना...

आला नाही.

साडेदहाला माझ्या दारात उभा होता. मी उलटसुलट विचारलं, जबाब घेतात तसं. एक शब्द हलला नाही. छप्पन साली किनवटचं दफ्तर घेऊन निघालेला एक कारकून पोचलाच नाही, असं माझे वडील सांगायचे. मी ती कागद हरवल्याची सबब समजत आलो होतो. त्या रात्री मला ते आठवलं, पण डोमाजीला सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

“काकाजी, शब्द मी देल्ला हाय,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “मी जाईन. पन लेकराले नाई नेत. माहं काय व्हायचं थे होवो.”

दसऱ्याला दिवस मावळताना आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर गेलो. रेणुकाबाईला बजावलं होतं, दार उघडायचं नाही. पुलियावर कोणी नव्हतं. चाकाचा माग नाही, तेलाचा डाग नाही. डोमाजीने आपट्याची पानं कठड्यावर ठेवली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, “आलो होतो, साहेब.”

कापूस हलला नाही. रातकिडेसुद्धा गप्प होते.

मी सवयीने तोंड उघडलं. “चला, ये...” डोमाजीने माझ्या तोंडावर हात दाबला.

तसेच परतलो.

घराचं दार उघडं होतं.

“काऊन उघडलं?” डोमाजी ओरडला.

“अवं, दसऱ्याच्या दिवशी म्हाताऱ्या मान्साले बाहेर उभं ठेवू काय?” रेणुकाबाई म्हणाली. “तुमच्याच वळखीचे होते. सोनं देल्लं. म्हने, डोमाजी येऊन गेला, पोरगी राह्यली.”

डोमाजी भिंतीला टेकला.

“मंग?”

“मंग काय? बसले जरासेक. येतो म्हने, अन् गेले.”

“तू... तू काय म्हनली?”

ती आमच्याकडे बघत राहिली. वेड्यांकडे बघावं तशी.

“काय म्हनू? ‘या’ म्हनलं.”

बयना नवा फ्रॉक घालून खाटेवर बसली होती. हसत. तिने उजवा हात पुढे केला. अंगठ्याला शाई लागली होती. निळी-काळी. आम्ही अंगठा घ्यायचो तशी.

“आबानं कागदावर उठवला,” ती म्हणाली.

कोणत्या कागदावर? काय लिहिलं होतं त्यावर? सहा वर्षांचं लेकरू, तिला काय वाचता येणार! डोमाजीने तो अंगठा साबणाने धुतला, रॉकेलने धुतला, शेवटी आपल्या गालाशी धरून रडला.

त्यानंतर पोरीसाठी त्याने आदिलाबादला शेड टाकलं. दर दसऱ्याला घराला कुलूप लावतो आणि तिघं कुठं जातात ते मलाही सांगत नाही. बयना आता कॉलेजात आहे, हुशार निघाली. मागच्या महिन्यात एका कामासाठी मी आदिलाबादला गेलो तर रेशनच्या दुकानात रांगेत ती माझ्या पुढे. मशीनवर अंगठा ठेवायची पाळी आली. तिने डावा हात पुढे केला. उजवा ओढणीत गुंडाळलेला.

मी जुना गिरदावर. नजर जायची तिथं गेलीच.

ओढणीवर निळा-काळा डाग होता. माझ्या देखत पसरत होता. इतक्या वर्षांनंतर... शाई अजून ओली होती.