रिकाम्या कुपीचा आलेख

सिरॅक्यूजला एप्रिलातही बर्फ असतं. तळघरातल्या प्रयोगशाळेत रोझॅन कोवाल सकाळपासून पाइनच्या तेलाचे आलेख काढत होती. काही रेणू हातांसारखे असतात, डावे आणि उजवे. अवरक्त प्रकाशात डाव्याची शिखरं जिथे वर येतात, तिथे उजव्याची तेवढीच खाली जातात. फरक इतका बारीक, की तो उपसून काढावा लागतो. जुनी पद्धत ठरलेल्या ठेक्यावरचा संकेत तेवढा पकडते. रोझॅनची नवी पद्धत सगळंच टिपते आणि मग गणितानं निवडते. पाच वर्षं तिनं त्यात घातली होती. शुक्रवारी पीएचडीची तोंडी परीक्षा.

शेवटी तिनं रिकामी कुपी लावली. जुन्या पद्धतीनं सपाट रेघ. नव्या पद्धतीनं सात शिखरं.

कुपी धुतली, वाळवली, बदलली. तरी सातच.

"ती शिखरं वजा कर ना," तिचे मार्गदर्शक प्रोफेसर वॉल्टर व्हिटलॉक सँडविच चावत म्हणाले. "सगळेच करतात."

"वॉल्टर, कुपीत काहीच नाहीये. मग डावं-उजवं कशाचं?"

"तुला डिग्री हवीय की भूत?"

असली माणसं खुर्चीत बसून बसून म्हातारी होतात आणि त्यालाच अनुभव म्हणतात. शिखरं खोटी असतील, तर तिची पाच वर्षंही खोटी. तिनं कॅनडात एडमंटनला, असंच काम करणाऱ्या ओरेस्टला फोन लावला. त्याचं यंत्र वेगळं होतं, पद्धत तिचीच.

"रिकामी कुपी? कामं संपली वाटतं तुमच्याकडची!"

तासाभरानं त्याचा फोन आला. हसणं गायब.

"सात आहेत गं. पण सगळी उलटी."

शुक्रवारी व्हिटलॉकना न जुमानता तिनं दोन्ही आलेख पडद्यावर लावले.

"माझी पद्धत खरं बोलते," ती म्हणाली. "काय बोलते, ते मला कळलेलं नाही."

"दोन्हींची बेरीज करून दाखव," एक परीक्षक म्हणाल्या.

शिखरं मिटली. ते अपेक्षितच होतं. पण आलेखाखाली यंत्राची खरखरही रेखाटायची रीत असते. ती वाळूसारखी असते. एकाच यंत्रात ती दोनदा सारखी येत नाही, मग दोन देशांतल्या दोन यंत्रांत कुठून येणार?

खरखरही मिटली.

पट्टीनं ओढल्यासारखी रेघ उरली.

चौघा परीक्षकांनी सह्या केल्या. रोझॅन पास झाली.

व्हिटलॉक तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाले. ओठ हलले, आवाज आला नाही.

प्रोजेक्टरचा पंखा फिरताना दिसत होता.