शीतकप्प्यातलं अर्धं औषध

शिशाची डबी सीलबंद होती. झाकण जागचं हललं नव्हतं, एक थेंबही सांडला नव्हता. तरीही रुग्णालयातल्या मापकावर आकडा आला तो सकाळच्या निम्माच. मग बाकीचं औषध गेलं कुठे?

"पण मी शीतकप्पा चालू ठेवला होता!" नववीतली शाल्मली रडवेली होऊन म्हणाली.

सकाळी नऊला भालचंद्रआजोबांनी ती डबी आपल्या प्रयोगशाळेतून धावड्याच्या पोटातल्या शीतकप्प्यात ठेवली होती. धावड्या म्हणजे औषधं पोचवणारा चारपायी यंत्रमानव. बंदरावरच्या गर्दीत तो गोंधळायचा, म्हणून सोबतीला शाल्मली. तिला मात्र घोर लागला होता सोमवारच्या सत्रनिबंधाचा. अणुरसायनशास्त्रावर लिहायचं होतं आणि विषयच ठरत नव्हता. वाटेत ग्रंथालय दिसलं.

"दहाच मिनिटं, धावड्या."

"ताई, आजोबांनी सरळ जायला सांगितलंय."

"शीतकप्पा चालू कर की! लशी टिकतात, मग हे नाही टिकणार?"

ग्रंथालयात आवाज चालत नाही, म्हणून तिने त्याला मौनावर टाकलं. मग रुग्णालयाने त्याच्यामार्फत किती हाका मारल्या, त्या कोणाला ऐकू येणार? तारे, अणुभट्ट्या, बॉम्ब... प्रत्येक विषय आधीच्याहून मोठा. तिने मान वर केली तेव्हा तीन वाजले होते.

रुग्णालयाच्या बाकावर येसूमावशी बसल्या होत्या. हृदयाच्या तपासणीसाठी पहाटेच्या होडीने आलेल्या, रात्रीपासून उपाशी. अर्ध्या औषधात ती तपासणी होणार नव्हती.

"म्हणजे उद्या परत उपाशी?" त्यांनी विचारलं. "अगो, निदान आता चहा तरी द्या."

शाल्मलीला त्यांच्याकडे बघवेना. आजोबा धावतपळत आले. त्यांनी आधी मावशींची माफी मागितली, मग नातीला बाजूला घेतलं.

"दूध थंडीत का टिकतं?"

"नासण्याची क्रिया मंदावते म्हणून."

"बरोबर. ती रासायनिक क्रिया. तिच्यात अणूंच्या बाहेरच्या भागातल्या इलेक्ट्रॉनांची (ऋणभारित कणांची) देवाणघेवाण होते. थंडीने अणूंची धावपळ कमी होते, म्हणून क्रियाही मंदावते. पण या औषधातलं टेक्नेशियम किरण सोडतं ते केंद्रकातून (अणूच्या अगदी आतल्या गाभ्यातून). तिथवर तुझा शीतकप्पा पोचतच नाही."

"म्हणजे लाह्यांसारखं नाही? आच कमी केली की फुटायच्या थांबतात..."

"नाही ना! हे दाणे आच बघत नाहीत. कुठला कधी फुटेल ते सांगता येत नाही, पण सहा तासांत निम्मे फुटणार हे नक्की. त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. निम्म्या अणूंनी किरण सोडले, ते शिशाने शोषले, आणि ते अणू शांत झाले. ते डबीतच आहेत, पण तपासणीच्या उपयोगाचे नाहीत."

"मग आत्ता दुसरं द्या ना!"

"गाय सकाळीच पिळली, बाळ." प्रयोगशाळेतल्या मोलिब्डेनमच्या नळकांड्याला आजोबा गाय म्हणायचे. मोलिब्डेनमचे अणू हळूहळू टेक्नेशियम होतात, आणि रोज सकाळी ते धुऊन काढायचं. "उद्यापर्यंत पुन्हा साचेल. घाई तिलाही करता येत नाही."

"मला विचारायला हवं होतं," शाल्मली म्हणाली.

"हो," आजोबा म्हणाले. "हवं होतं."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी निबंध आपसूक लिहिला गेला. विषय: थंडीला न जुमानणारं केंद्रक. पहिलंच वाक्य होतं, 'माझ्या चुकीमुळे येसूमावशींचा एक दिवस वाया गेला.' ते खोडावं असं तिला दोनदा वाटलं. तिने ते राहू दिलं.

दुसऱ्या सकाळी ग्रंथालयापाशी धावड्या थबकला. "ताई, आत?"

"सरळ चल. आणि बोलत राहा."

येसूमावशी बाकावर होत्याच. "आज कुठे वाचत नाही ना बसलीस?"

"नाही," म्हणत शाल्मलीने त्यांना आपल्या निबंधाचा विषय सांगितला. एवढ्यात मापकावर आकडा उमटला. पूर्ण. मावशी पदर सावरत उठल्या.

"चल, माझ्याबरोबर दारापर्यंत ये. तुझं ते केंद्रक माझ्या काळजात काय बघतंय, मलाही कळू दे."