पोपटच्या बंदुकीतल्या दोन डमी

"आप्पा, तुमच्या त्या डमीपायी माझा मानूस चोर ठरलाय. निघा आत्ताच्या आत्ता."

एवढं बोलून आक्काबाईनं शिरूरहून फोन आपटला. इकडे दौंडला मल्हारीआप्पांचं डोकं जे सटकलं, ते एसटीत बसून शिरूर येईपर्यंत ठिकाणावर आलं नाही.

आप्पा म्हणजे राखीव पोलीस दलातले निवृत्त आर्मरर. उभा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेला. आक्काबाईचा नवरा पोपट फौजेतून परतला आणि स्वतःची दुनळी बंदूक घेऊन शिरूरच्या एका पतसंस्थेत पहारेकरी झाला, तेव्हा आप्पांनीच त्याला दोन डमी, म्हणजे खोटी काडतुसं, करून दिल्या होत्या. नुसता रिकामा चाप ओढत राहिलं तर आतली पिन मोडते, आणि तपासणीसाठी जिवंत काडतूस घरात आणायचं म्हणजे घात. म्हणून झाडलेली काडतुसं घेऊन त्यांत वाळू भरली आणि मागच्या बाजूला, पिन आदळली की पेटणाऱ्या तांब्याच्या टोपीच्या जागी, चामड्याची चकती बसवली. दर रविवारी पोपट त्या घालून चाप तपासायचा. आठ वर्षांत घरात कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

आक्काबाई पतसंस्थेच्या पायरीवर बसली होती. आप्पा शेजारी टेकले.

"झालं काय ते सरळ सांग."

"परवा भर दुपारी दोघं आत शिरली. ह्यांनी बंदूक रोखली. तरीबी त्यातला एक हसत हसत नळीवर चालून आला, आप्पा! ह्यांनी दोन्ही चाप वडलं. नुसतं खट्, खट्. मग त्यानं गज घातला डोक्यात. गहाणाचं समदं सोनं गेलं. पोलिसांनी बंदूक उघडली, तर आत डमी."

"तुमच्या घरच्या?"

"आमच्या डब्यातच हायती की! ह्या आनल्यात." तिनं पदराची गाठ सोडून दोन डमी पुढं केल्या. "पन फौजदार म्हनतो, ह्यानंच आनखी दोन केल्या असत्याल. चोरांना सामील हुता. उद्या दवाखान्यातनं थेट अटक."

"डमी आणखी कुणी बघितल्या होत्या?"

"ह्यांनीच कवतिकानं हितं आनल्या व्हत्या. मॅनेजरनं दोन दिस ठिवून घेतल्या बघायला."

आप्पा ताडकन उठले.

आत फौजदार पंचनाम्याचे कागद चाळत होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी बंदूक उघडायला ते आप्पांकडूनच शिकले होते, त्यामुळे आप्पांना हाकलून देणं काही त्यांना जमलं नाही. समोर मॅनेजर सत्यजीत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, तोंडात सुपारी.

"बंदुकीतल्या डमी दाखवा," आप्पा म्हणाले.

फौजदारांनी पुडी सोडली. आप्पांनी दोन्ही डमी उजेडात धरल्या, बराच वेळ फिरवून पाहिल्या. मग ते सत्यजीतकडे वळले.

"चाप ओढल्याचा आवाज तुम्ही ऐकला?"

"म्हंजी काय! मी काउंटरपाशीच होतो. दोनदा खट् झालं. जबाबात लिहून दिलंय."

"काडतुसं कुणाच्या ताब्यात असतात?"

"माझ्या कपाटात. रोज सकाळी दोन देतो, संध्याकाळी परत घेतो. त्या दिवशी त्यानं घेतलीच न्हाईत. म्हणला, माझ्याजवळ हायती."

"खोटं!" दारातून आक्काबाई ओरडली. "ह्यानंच दिली सकाळी. टोप्या बगून भरली ह्यांनी!"

"मग कपाटातल्या पेटीत दहाच्या दहा काडतुसं कशी?" सत्यजीतनं खांदे उडवले. "साहेबांनी स्वतः मोजलीत. असल्यांच्या हाती बंदूक दिली, हीच आमची चूक."

'असल्यांच्या' हा शब्द आप्पांच्या टाळक्यात गेला. त्यांनी दात आवळले.

"चोर गेल्यावर बंदूक कुणी उचलली?"

"मी. पोलीस येईपर्यंत कपाटात ठेवली."

"फौजदार, ती पेटी उघडा. नुसती मोजू नका. एकेक काढून उलटं करा."

फौजदारांनी दहा काडतुसं टेबलावर उलटी उभी केली. आठ टोप्या गुळगुळीत होत्या. दोन टोप्यांवर मधोमध खोल खड्डा होता.

सत्यजीतच्या तोंडातली सुपारी थांबली.

"आता ऐका," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढत गेला. "पिन आदळली की खूण राहतेच. आक्काबाईनं आणलेल्या डमी बघा, चामडं कुरतडल्यासारखं झालंय. आणि बंदुकीत सापडलेल्या बघा. कोऱ्या करकरीत! एकदासुद्धा पिन लागलेली नाही. खट् तर दोनदा झालं, हा स्वतः सांगतो. मग पिन आदळली कशावर? ह्या दोन काडतुसांवर! ह्यानं आधीच त्यांतली दारू काढली, वरून कळणार नाही अशा टोप्या निकामी केल्या आणि सकाळी ती पोपटच्या हातात दिली. म्हणून तो चोर नळीसमोर हसत आला. बंदूक उडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. नंतर ह्यानं बंदूक उचलली, काडतुसं काढून पेटीत टाकली आणि पोपटच्या डमी बघून केलेल्या दोन डमी आत सरकवल्या. रूप हुबेहूब उतरवलं गड्यानं. पण वापरलेल्या डमीवर पिनीची खूण पडते, हे कुठं ठाऊक होतं ह्याला!"

फौजदारांनी खड्डा पडलेलं एक काडतूस चाकूनं कापलं. छऱ्यांखाली लाकडाचा भुसा निघाला.

सत्यजीत खिडकीकडे बघू लागला. मग दोन्ही चोरांची नावं त्यानं विचारायच्या आधीच सांगितली. त्यातला एक त्याचा मेहुणा होता.

तिथून आप्पा, आक्काबाई आणि फौजदार दवाखान्यात आले. पोपटच्या डोक्याला पट्ट्या होत्या, खाटेशी शिपाई बसलेला. आप्पांना बघून पोपट धडपडत उठला.

"आप्पा, सकाळी मी टोप्या बगितल्या व्हत्या. पन ह्या लोकांनी सारखं इचारून इचारून... आता मला वाटाया लागलंय, माझंच डोळं चुकलं. उद्या कबुलीवर सही करून टाकनार हाय."

आप्पा फौजदारांकडे वळले. "चोर कोण ते कळलं, फौजदार. पण ह्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा घालवलात, त्याला कोणतं कलम लावणार?"

फौजदार खाली मान घालून आक्काबाईला म्हणाले, "बाई, आमची चूक झाली."

"मला काय सांगताय? त्यास्नी सांगा."

फौजदार खाटेजवळ वाकले. "पोपटराव, तुमचं बरोबर होतं."

"मोठ्यानं," आक्काबाई म्हणाली.

वॉर्ड माणसांनी भरलेला होता. फौजदारांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.