तिसऱ्या लिफ्टचा आकडा

इस्पितळात लिफ्ट तीन आणि त्या चालवणारा प्रोग्रॅम एकच. तो तिघींची कामं एकाच वेळी सांभाळायचा. प्रत्येक फेरीचे छोटे तुकडे करायचा आणि तुकडा संपला की विचारायचा, काही बिघडलंय का? ‘हो’ म्हटलं की ब्रेक. खोट एवढीच, की तिघींचं उत्तर एकाच जागी लिहिलं जाई. पहिलीचं दार अडकलं की धडधाकट दुसरीच वाटेत थांबायची. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एकदा त्या फाशीत लिफ्ट कंपनीतल्याच एका प्रोग्रॅमर मुलीची आई सापडली. आई एक दिवसाआड डायलिसिससाठी पाचव्या मजल्यावर जायची. जिने चढायचं त्राण तिच्यात नव्हतं. त्या दिवशी ती दोन मजल्यांच्या मधे अडकून पडली. लेक इरेला पेटली. आईला पुन्हा असं लटकू द्यायचं नाही, मग नोकरी राहो की जावो.

तिने प्रत्येक लिफ्टला उत्तराची वेगळी जागा दिली. तुकडा सुरू होताना निस्तरायची राहिलेली संकटं मोजायची, संपताना पुन्हा मोजायची. आकडा वाढला तरच बिघाड आपला, तरच ब्रेक. पहिल्या दोघी सुतासारख्या सरळ आल्या. निघताना शून्य, पोचताना शून्य.

तिसरी मात्र दर वेळी एकावर निघून शून्यावर पोचत होती.

म्हणजे ती निघतानाच कोसळत होती आणि वाटेत कोणीतरी तिला सावरत होतं. सावरणारी ओळ प्रोग्रॅममध्ये नव्हती. तिने सगळा प्रोग्रॅम पिंजून काढला, कॉम्प्युटर बदलला, तारा बदलल्या. तरी तेच.

“अगं, आकडा वाढत नाही ना? मग ब्रेक लागत नाही,” साहेब म्हणाले. “कशाला खाजवून खरूज काढतेस?”

“माझी आई बसते तिच्यात.”

“मग बरंच आहे की. तिसरी कधी अडकली तरी आहे का?”

ते खरं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

आईला तर तिसरीच आवडायची. “तिच्यात हात धरायला असतं कोणीतरी,” ती एकदा सहज म्हणाली.

“कोण असतं?”

“बघितलं नाही बाई. हात गार असतो, पण धरतो घट्ट.”

“दांडी असेल, आई.”

“दांडी आपण धरतो. ती आपल्याला धरते का?”

लेक हसली, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मेकॅनिक तात्यांना घेऊन गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेली. आईला तिने बजावलं होतं, आज पहिलीनेच ये. तात्यांनी तिसरीच्या मोटरचा मेन स्विच बंद केला, लिफ्टच्या पोकळीवरचं झाकण उचललं आणि बॅटरीचा झोत खाली टाकला.

“ताई, जरा इकडे या.”

लिफ्टचे सगळे दोर वरच तुटलेले होते. टोकं मोकळी लोंबत होती. तात्यांनी एक चाचपलं, तर बोटं तांबडी झाली.

“हे आजचं नाही. गंज बघा केवढा. वर्षं झाली असतील.”

“मग लिफ्ट चालते कशावर?”

तात्यांनी बोटं पँटला पुसली, पुन्हा पुसली.

तिच्या हातातल्या लॅपटॉपवर तिसरीची ओळ हलली. एक.

“तात्या, मेन?”

“बंद आहे.”

ती जिन्याकडे धावली.

पाचव्या मजल्यावर पोचली तेव्हा दारावरचा आकडा सावकाश चढत होता.

तीन. चार. पाच.

दार उघडलं. आई बाहेर आली. एक हात अजून मागेच होता, जरा वर उचललेला.

“पहिलीला गर्दी होती गं,” ती म्हणाली. मग रिकाम्या लिफ्टकडे वळून हळूच म्हणाली, “सोड आता. पोचले मी.”

हात खाली आला. लॅपटॉपवर शून्य उमटलं.

लेकीने आईला जवळ ओढलं. आईच्या मनगटावर गंजाची पाच बोटं होती.